चिलर फ्री, देवा इन्क्लूडेड

दुबईत 'सगळी बिलं धरून' असं भाडं मुख्यतः दोन टोकांना सापडतं. एक टोक करामा, सतवा, देरा भागातल्या बेडस्पेसचं. खांबावर नाहीतर बकालाच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, काचेवर कागद चिकटवलेला असतो: खाट, वाय-फाय, देवा, गॅस, साफसफाई धरून अमुक दिरहॅम, फक्त गोवन किंवा महाराष्ट्रीयन बॅचलर. दुसरं टोक मरीना, डाउनटाउन, बिझनेस बे इथल्या टॉवरांचं. तिथं कागदाऐवजी ॲपवर फोटो असतात, पण खालचा मजकूर तोच. मधली सगळी जनता, म्हणजे बायकापोरांसकट एक-दोन बेडरूममध्ये राहणारे आम्ही, आपापलं मीटर आपापल्या नावावर घेतो आणि ऑगस्टचं बिल आलं की घरातल्या प्रत्येकाला दिवे बंद करत फिरायला लावतो.

(देवा म्हणजे दुबईचं वीज-पाणी खातं. नाव ऐकून हात जोडायची गरज नाही. बिल आल्यावर आपोआप जोडले जातात.)

मला ही दोन्ही टोकं आतून ठाऊक आहेत. २००५ साली चिपळूणहून आलो तो सरळ करामातल्या खाटेवर. आणि गेली बरीच वर्षं पोट भरतो ते दुसऱ्या टोकावर. आयटीआयला फ्रिज-एसीचा ट्रेड केला होता, इथं चिलर टेक्निशियन झालो, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी गार करणारी यंत्रं सांभाळणारा, आता एका देखभाल कंपनीत सुपरवायझर आहे. टॉवरच्या लॉबीत अत्तराचा वास असतो तिथं माझं फारसं काम नसतं. माझं ऑफिस तळघरात, पंपांच्या आवाजात. त्यामुळे गेल्या वर्षी भाचा पुण्याहून बदली होऊन इथं आला आणि म्हणाला, "मामा, मला मरीनात घर बघायचंय, सगळं इन्क्लूडेड," तेव्हा मी चपला घालून तयारच होतो.

त्याचं म्हणणं साधं होतं. "मला डोक्याला ताप नकोय. महिन्याला एक आकडा द्यायचा, विषय संपला." ऑफिस इंटरनेट सिटीत, मेट्रोनं दोन-तीन स्टेशनं. बायको पुण्यात, तिची नोकरी सोडून दोन-तीन महिन्यांत येणार. पगार चांगला. माझ्या थोरल्या बहिणीचा एकुलता एक, तेव्हा ताईचा फोन मला आधी: "पोरगा म्हणतो चाळिसाव्या मजल्यावर बघतोय. तिथं पाणी चढतं का रे?"

ताईच्या डोक्यात पाणी म्हटलं की दोनच गोष्टी असतात, नळाला न येणारं आणि घरात घुसणारं. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा तिचा तळमजला अख्खा गेला होता. मी म्हटलं, चढतं ताई, पंपानं चढवतो आम्ही. ती म्हणाली, "मग चाळिसावा बराय. पूर तिथवर यायचा नाही."

पूर तिथवर येत नाही हे खरं, पण पंप तळघरात असतात. १६ एप्रिल २०२४ ला इथं जो पाऊस पडला, अल ऐनजवळ एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटरच्या वर, १९४९ पासूनच्या नोंदींत एवढा पाऊस नाही, तेव्हा कित्येक टॉवरांची तळघरं भरली. वीज गेली, लिफ्ट बंद, बूस्टर पंप बंद, म्हणून वर नळ कोरडे. 'सगळं धरून' भाडं भरणारी माणसं बाटल्यांचे खोके घेऊन जिने चढत होती. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून भाड्यानं आणलेला पंप चालवत होतो आणि वरून एक साहेब फोनवर विचारत होते की माझ्या करारात युटिलिटी इन्क्लूडेड लिहिलंय, मग पाणी का नाही. बिल धरलेलं असतं, पुरवठा नाही. हे ताईला सांगितलं नाही. भाच्याला सांगितलं.

आधी खाटेबद्दल थोडं सांगतो, कारण माझं मत तिथूनच तयार झालेलं आहे. खोलीत आम्ही सहा जण. घर ज्याच्या नावावर तो 'मेन टेनंट' बाहेरच्या खोलीत. भाड्यात देवा धरलेलं. म्हणजे बिल त्याच्या खिशातून जायचं, आणि म्हणून एसी रात्री नऊ ते सकाळी सहा. बाकी वेळ रिमोट त्याच्या उशीखाली. नाइट शिफ्ट करून सकाळी येणाऱ्यानं जूनमध्ये घामात झोपायचं. गॅसही धरलेला, म्हणून मासे तळायचे नाहीत, फक्त रस्सा. वॉशिंग मशीन शुक्रवारी एक फेरी. आकडा एकच होता, डोक्याला ताप नव्हता, भाचा म्हणतो तसंच सगळं होतं. फक्त थंडी किती, उजेड किती, आंघोळ किती हे दुसरा कोणी ठरवत होता. आता या पार्टिशनवाल्या खोल्यांवर पालिकेनं २०२५ मध्ये मोठी मोहीम घेतली, भाड्याच्या खोलीत लाकडी भिंती घालून आणखी खोल्या पाडणं बेकायदाच आहे. पण खांबांवरचे कागद अजून दिसतात.

तेव्हा मी भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की त्या चाळिसाव्या मजल्यावर रिमोट कोणाच्या उशीखाली आहे? तो हसला. म्हणाला, "मामा, तिथं नेस्टचा थर्मोस्टॅट आहे."

पहिलं घर समुद्राकडचं. एजंट सुटातला, अत्यंत नम्र. दार उघडल्या उघडल्या त्यानं पडदे सरकवले आणि आम्हाला काचेपाशी नेलं. समोर निळं पाणी, खाली जेबीआर नावाच्या किनाऱ्याची वाळू, डाव्या हाताला जत्रेत असतो तसा पण प्रचंड पाळणा. भाच्यानं तिथंच फोन काढून बायकोला व्हिडिओ लावला. मी मागे फिरलो आणि बाथरूममध्ये गेलो, कारण एफसीयू, म्हणजे घरात गार हवा फेकणारं यंत्र, तिथं छतात असतो. फॉल्स सीलिंगचं झाकण वर ढकललं. फिल्टर राखाडी, ट्रेमध्ये बुळबुळीत थर, पाइपच्या इन्सुलेशनला काळे ठिपके. थर्मोस्टॅट अठरावर लावून ठेवलेला, म्हणजे येणाऱ्या गिऱ्हाइकाला आत पाऊल टाकताच गार वाटावं. एजंट म्हणाला, "सर, मेंटेनन्स इन्क्लूडेड आहे." मी म्हटलं, दिसतंय.

त्या समुद्राच्या दृश्याबद्दल एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत नसते. मरीनात समुद्र वायव्येला आहे. दुपारी दोननंतर सूर्य त्या काचेवर येतो तो मावळेपर्यंत हलत नाही. मावळताना अतिशय सुंदर दिसतो, लोक फोटो काढतात, आणि त्याच वेळी घराच्या मीटरवरचा आकडा सर्वांत जोरात पळत असतो. शेजारच्या शेख झायेद रोडकडच्या घरात सकाळी ऊन, दुपारनंतर सावली. दोन्ही घरं एकाच मापाची असली तरी उन्हाळ्यात गारव्याचा खर्च वेगळा. म्हणून समुद्राकडच्या घराला 'बिलं धरून' भाडं खरंच परवडू शकतं, आणि म्हणूनच तिथं मालक खाली बारीक अक्षरांत मर्यादा घालतो.

आता हा गारवा येतो कसा ते सांगायला हवं, नाहीतर 'चिलर फ्री' म्हणजे काय ते कळायचं नाही. आपल्याकडे गारवा म्हणजे वीज. इथं तो पाण्यासारखा नळानं येतो. करामातल्या जुन्या इमारतींत खिडकीचा नाहीतर स्प्लिट एसी असतो, तो तुमच्याच मीटरवर चालतो, वेगळं बिल नाही. काही इमारतींचा स्वतःचा चिलर गच्चीवर असतो, त्याची वीज मालकांच्या सर्व्हिस चार्जमधून जाते आणि भाडेकरूला वेगळं मागत नाहीत. ती खरी 'चिलर फ्री' जागा. आणि तिसरा प्रकार म्हणजे डिस्ट्रिक्ट कूलिंग. एका मोठ्या प्लँटमध्ये पाणी पाच-सहा अंशांवर थंड करायचं, जमिनीखालच्या जाड इन्सुलेटेड पाइपांतून टॉवरपर्यंत आणायचं, तळघरातल्या हीट एक्स्चेंजरमध्ये त्याचा गारवा इमारतीच्या पाण्याला द्यायचा आणि ते पाणी पंपानं प्रत्येक घरातल्या एफसीयूपर्यंत पोचवायचं. तिथं पंखा त्याच्यावरून हवा फेकतो. तापलेलं पाणी परत प्लँटकडे. २००३ साली सुरू झालेली एम्पॉवर ही यातली सर्वांत मोठी कंपनी, एमिकूल वगैरे आणखी आहेत. नव्या दुबईतले बहुतेक चकचकीत टॉवर याच पाण्यावर जगतात.

प्रत्येक घराबाहेर शाफ्टमध्ये एक बीटीयू मीटर असतं. किती पाणी आत गेलं आणि किती अंशांनी तापून बाहेर आलं, याचा हिशोब ते करतं. बिल येतं दोन भागांत. एक वापराचं. दुसरं क्षमतेचं, म्हणजे तुमच्या घरासाठी प्लँटमध्ये जेवढे टन राखून ठेवलेत त्याचं. भाच्याला एजंटनं जुनं बिल दाखवलं त्यावर हा दुसरा भाग टनामागे वर्षाला साडेसातशे दिरहॅमच्या आसपास होता. घराला अडीच टन. घर बंद ठेवा, गावाला जा, हा भाग चुकत नाही. टन म्हणजे आपण 'दीड टनाचा एसी' म्हणतो तोच. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी ओढून घ्यायची ताकद, साडेतीन किलोवॉटच्या आसपास.

आणि घर बंद ठेवून एसी बंद करून गावाला जाताही येत नाही. जुलैत शाळांना सुट्टी म्हणून सगळे भारतात पळतात. एसी बंद केला तर परत येईपर्यंत कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर, गाद्यांवर, भिंतींवर बुरशी. म्हणून रिकामं घर पंचवीस-सव्वीसवर गार ठेवायचं. मरीनात तर समुद्रामुळे दमटपणा जास्त. रिकाम्या घराला गारवा पुरवणं हा माझ्या धंद्यातला सर्वांत विचित्र भाग आहे, पण त्याला इलाज नाही.

पहिल्या घराचा भाव होता महिन्याला १२,५००, सगळं धरून, चेक नाही, कमिशन नाही, महिन्याच्या नोटिसीवर सोडा. भाच्याचा जीव तिथंच अडकला. आणि नव्या माणसाला ही व्यवस्था सोयीची आहे हे मी मान्य करतो. इथं भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे असतात, एक, दोन, चार, सहा. जितके चेक कमी तितकं भाडं कमी. पूर्वी चेक परत गेला की थेट पोलीस केस. २०२२ च्या जानेवारीपासून कायदा बदलला, आता बहुतेक वेळा दिवाणी वसुली होते, तरी लोक चेकच्या तारखेला अजून बिचकतात. पण विमानतळावरून उतरलेल्या माणसाकडे एमिरेट्स आयडी नाही, म्हणून बँक खातं नाही, म्हणून चेकबुक नाही. तो कुठून देणार चार चेक? त्याच्यासाठी महिन्याचं, सगळं धरलेलं घर पहिल्या एक-दोन महिन्यांपुरतं उत्तम.

भाच्याला मात्र तिथं वर्षभर राहायचं होतं. मी त्याला कागद-पेन घ्यायला लावलं. (तो एक्सेल उघडत होता. मी म्हटलं, कागद.) १२,५०० गुणिले बारा, दीड लाख. त्याच टॉवरमध्ये रस्त्याकडचं, रिकामं, स्वतःची बिलं स्वतः भरायची असं घर १,१५,००० ला होतं. त्यावर एजंटचं ५ टक्के कमिशन, ५,७५०. मग हाउसिंग फी. ही अनेकांना माहीतच नसते. वार्षिक भाड्याच्या ५ टक्के रक्कम पालिका घेते आणि ती बारा तुकडे करून देवाच्या बिलात येते. म्हणजे आणखी ५,७५०. वीज-पाणी वर्षाला साडेतीन-चार हजार, कारण एसीची वीज त्यात नाही, फक्त पंखा, फ्रिज, चूल, दिवे. विजेचा पहिला टप्पा २,००० युनिटपर्यंत २३ फिल्स (दिरहॅमचे शंभर फिल्स), वर इंधन अधिभार आणि ५ टक्के व्हॅट. एका जोडप्याला दुसऱ्या टप्प्यात जायचं कारण नाही. चिलर सहा हजार. इंटरनेट साडेचार-पावणेपाच. एजारी, म्हणजे भाडेकराराची नोंदणी, दोन-सव्वादोनशे. बेरीज १,४१,००० च्या घरात. देवाची २,००० अनामत वेगळी, ती परत मिळते. आणि घर रिकामं, म्हणजे पलंगापासून पडद्यापर्यंत सगळं आणायचं.

"म्हणजे मामा, फर्निचर धरलं तर पहिलंच स्वस्त," भाचा म्हणाला. पहिल्या वर्षी, हो. मी तेच म्हटलं. मग विचारलं, एजारी कोणाच्या नावावर?

इथं तो एजंट पहिल्यांदा अडखळला. एजारी म्हणजे भाडेकराराची सरकारी नोंद, २०१० पासून दुबईत सक्तीची. बायकोला व्हिसा काढायचा तर एजारी लागते. पोराला शाळेत घालायचं, कुटुंबासाठी काहीही करायचं, तरी कोणीतरी ती मागतोच. महिन्याच्या भाड्यावर दिलेली ही घरं पर्यटन खात्याच्या परवान्यावर हॉलिडे होम म्हणून चालतात. तुम्ही तिथं भाडेकरू नसता, पाहुणे असता. म्हणून रात्रीमागे टुरिझम दिरहॅम नावाचा पर्यटकांचा करही लागू शकतो. आणि भाडेकरूला कायद्यानं जे मिळतं, म्हणजे घर विकायचंय किंवा स्वतः राहायचंय म्हणून मालकाला काढायचं असेल तर नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालानं बारा महिन्यांची नोटीस, अटी बदलायच्या तर नव्वद दिवस आधी कळवणं, भाडेवाढीला मर्यादा, यातलं पाहुण्याला काही नाही. भाचेसून दोन-तीन महिन्यांत येणार होती. तिचा व्हिसा त्या निळ्या समुद्रावर निघणार नव्हता.

एजंट म्हणाला, बघतो, मालकाशी बोलून काहीतरी करतो. या देशात 'काहीतरी करतो' म्हणणाऱ्या एजंटला नमस्कार करून निघायचं असतं. आम्ही निघालो.

मधली एक-दोन घरं सोडून देतो. एका घरात स्वयंपाकघराच्या जागी कपाट होतं आणि कपाटात दोन शेगड्या. दुसऱ्यात जिम, स्टीम, सिनेमा रूम आणि उन्हाळ्यात गार केलेला पोहण्याचा तलाव. होय, इथं तलावालाही चिलर असतो, तो मीच सांभाळतो अशा दोन इमारतींत. या सोयींचे पैसे मालक सर्व्हिस चार्जमधून भरतो, चौरस फुटावर. भाडेकरूला त्या 'फुकट' म्हणून दाखवल्या जातात. भाचा पोहत नाही.

मग एक घर मिळालं मरीनातच, रस्त्याकडे तोंड, खाली मेट्रोची गाडी जाताना दिसते. सामानासकट. मालक परदेशात, वर्षाचा करार, चार चेक, एजारी देणार, आणि वीज, पाणी, चिलर सगळं त्याच्या नावावर ठेवून भाड्यात धरणार. आकडा १,३२,०००. तोवर भाच्याचं चेकबुक आलं होतं. वरचं झाकण उघडून बघितलं. फिल्टर धुतलेला, ट्रे कोरडा. मी मान डोलावली आणि मग बसून कागद वाचला.

बिलाची मर्यादा महिन्याला १,००० दिरहॅम, त्यावर गेलं तर भाडेकरूनं भरायचं. ऐकायला ठीक. पण जानेवारीत हे घर त्याच्या निम्म्याच्या आसपास खाईल, ऑगस्टमध्ये बाराशेच्या पुढे जाईल. महिन्याची मर्यादा म्हणजे हिवाळ्यात वाचलेलं मालकाचं आणि उन्हाळ्यात वाढलेलं आपलं. मी म्हटलं, मर्यादा वर्षाची करा, १२,०००, आणि हिशोब वर्षअखेर. दुसरं, हाउसिंग फी. ती देवाच्या बिलातच येते, महिन्याला पाचशेच्या वर. ती मर्यादेत मोजली तर निम्मी मर्यादा तिथंच गिळली. तेव्हा मर्यादेत फक्त वापर आणि चिलर, फी मालकाची. यावर मालकानं भाडं तीन हजारांनी वाढवलं, १,३५,०००. हरकत नाही, निदान उघड वाढवलं.

तिसऱ्या गोष्टीवर एजंटचा चेहरा पडला. मी म्हटलं, करारात भाडं १,२०,००० लिहा आणि १५,००० बिलांचे म्हणून जोडपत्रात वेगळे. कारण ५ टक्के कमिशन आणि सामानाच्या घराची १० टक्के अनामत ही आख्ख्या आकड्यावर लागते. विजेच्या बिलावर एजंटला कमिशन कशासाठी द्यायचं? शिवाय पुढच्या वर्षी भाडेवाढ होईल ती नोंदलेल्या भाड्यावर. २०१३ च्या आदेशानं ती बाजारभावापेक्षा भाडं किती कमी आहे त्यावर ठरते: १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ नाही, मग पायरीपायरीनं ५, १०, १५ आणि जास्तीत जास्त २० टक्के. ती वाढ गारव्यावरही का लावून घ्यायची? एजंटनं मालकाला फोन लावला. बराच वेळ बाल्कनीत बोलत होता, तापलेल्या काचेपलीकडे. आत येऊन म्हणाला, ओके.

भाचा मला लिफ्टमध्ये म्हणाला, "मामा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मी म्हटलं, वकिलाला फिल्टर काढता येत नाही.

एक धोका राहतोच. खातं मालकाच्या नावावर आहे. त्यानं बिल थकवलं तर तोडायला येणारा माणूस आपल्या दारात येतो. २००७ च्या भाडे कायद्यात मालकाला भाडेकरूची वीज-पाणी तोडायची मनाई आहे, पोलिसांत नोंद करता येते, भाडे न्यायाधिकरणात जाता येतं, पण तोवर ऑगस्टची रात्र काढायची असते. म्हणून जोडपत्रात आणखी एक ओळ घातली, की दर महिन्याच्या बिलाची आणि भरल्याच्या पावतीची प्रत भाडेकरूला मेल होईल. मालकानं कुरकुर केली. कोणाला आवडेल? पण बिल हातात आलं की घर किती खातं ते कळतं, आणि कुठे बिघडलंय तेही.

ते उन्हाळ्यात दिसलं. जूनपर्यंत सगळं ठाकठीक. भाचेसून आली, व्हिसा झाला, ताईनं व्हिडिओवर घर बघितलं, मेट्रो बघितली, नळ सोडून दाखवायला लावला. जूनमध्ये गार नळाला ऊन पाणी येतं म्हणून ती घाबरली. तिला सांगितलं की इथं उन्हाळ्यात गिझर बंद ठेवतात आणि गरम नळाचं पाणी वापरतात, कारण घरातल्या टाकीत पडून ते गार झालेलं असतं. तिला पटलं नाही. अजून तिला वाटतं मी थट्टा करतो.

जुलैचं बिल आलं १,३४०. मालकाचा मेल: मर्यादेवरचे ३४० भरावेत. भाच्यानं जोडपत्राची प्रत पाठवली, हिशोब वर्षअखेर. आणि मेल मला फॉरवर्ड केला. मी आकडे वेगळे केले. वीज-पाणी नेहमीइतकं, वाढ सगळी चिलरची. हे दोघं बाहेर पडताना थर्मोस्टॅट बंद करून जातात, मला माहीत होतं. संध्याकाळी जाऊन पंखा बंद केला आणि एफसीयूच्या पाइपला हात लावला. बराच वेळ थांबूनही पाइप बर्फासारखा गार. व्हॉल्व्ह पास होत होता, म्हणजे बंद असूनही पाणी कॉइलमधून फिरत होतं आणि मीटर मोजत होतं. भाच्यानं फोटोसकट मालकाला कळवलं.

बिल भाडेकरूच्या नावावर असतं तेव्हा असल्या तक्रारीला टेक्निशियन यायला किती आठवडे लागतात ते मी रोज बघतो. मीच पाठवतो ना ते टेक्निशियन. मालक आधी कोटेशन मागतो, मग कमी करा म्हणतो, मग फोन उचलत नाही. इथं दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माणूस नवा ॲक्च्युएटर (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा भाग) घेऊन दारात हजर. ऑगस्टचं बिल जुलैपेक्षा कमी आलं.

नूतनीकरणाचं पत्र अजून आलेलं नाही, नव्वद दिवस आधी यायला हवं. भाचेसूनबाईंना आता समुद्राकडचं घर हवंय. मी तिला दुपारी तीनला एकदा तिथं घेऊन जाणार आहे, पडद्याआड उभी राहा म्हणून.